नासिर मिस्त्रीच्या घरचं आवतन

मला समाजशास्त्र आवडतं, आणि हे सांगताना मी आवाज खाली आणत नाही. आर्णीत बी.ए.ला समाजशास्त्र घेतलं म्हटलं की लोक आधी आपल्याकडे आणि मग आपल्या बापाकडे दयेनं बघतात. त्यात काय शिकवतात, असं विचारतात. मी म्हणते, तुम्ही आत्ता माझ्याकडे जसं बघितलं ना, तसं का बघितलं ते शिकवतात. यावर बहुतेक जण विषय बदलतात.

अब्बांचं बसस्टँडमागे दुचाकीचं गॅरेज आहे. आसपासच्या खेड्यांतल्या बहुतेक गाड्यांच्या पोटात कधी ना कधी अब्बांचा हात गेलेला आहे, त्यामुळे कुठल्या गावात काय घडलं हे पोलिसांच्या आधी आमच्या गॅरेजला कळतं. घरात आम्ही हिंदी बोलतो, पण एखादी गोष्ट पक्की ठरवायची असली की अब्बा गॅरेजची वऱ्हाडी काढतात. मी प्रकल्पासाठी खेड्यात जाणार म्हटल्यावर त्यांनी तीच काढली.

"हे पाय जेबा. एक गाव, दोन खेपा. काही बोभाटा झाला, बाजारात आपलं नाव निंघालं, त मंग समाजशास्त्र बंद. गृहअर्थशास्त्र घ्यायचं अन् घर ते कॉलेज, कॉलेज ते घर."

विषय बदलून घ्यायची मुदत महिनाअखेरपर्यंत होती, म्हणजे ही काही पोकळ धमकी नव्हती. गृहअर्थशास्त्राशी माझं वैर नाही. पण माणसं एकमेकांशी अशी का वागतात, हा प्रश्न मी शाळेपासून विचारत आले आणि शाळेपासून गप्प बसवली गेले. आता कुठे एक विषय सापडला होता ज्यात तोच प्रश्न विचारल्यावर मार्क मिळतात. तो हातचा जाणं मला परवडणार नव्हतं. मी अब्बांना म्हटलं, बोभाटा होणारच नाही. मी असं म्हणते तेव्हा मला ते खरोखर वाटत असतं.

आमचे अनिमेष सर तासिकेवर शिकवतात आणि खडू संपेपर्यंत बोलतात. त्यांनी पहिल्याच महिन्यात लोकरीती आणि लोकनीती शिकवली. लोकरीत मोडली तर लोक हसतात, लोकनीती मोडली तर लोक उठून जातात, असं ते म्हणाले. मग प्रत्येक जोडीला एक गाव दिलं. तिथं गटचर्चा घ्यायची, विषय होता एका पिढीत लग्नं कशी बदलली. "पारावर बसलेले चार पुरुष म्हणजे गाव नाही," सरांनी बजावलं. "बायका हव्यात. सगळ्या वस्त्या हव्यात. नाहीतर प्रकल्प परत करीन." आम्हाला चिंचबर्डी मिळालं.

माझ्या जोडीला भैरवी होती, यज्ञेश्वर वकिलांची मुलगी. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेरी, त्यामुळे ती एक वाक्य बोलायच्या आधी त्याच्या तिन्ही बाजू तपासते. मी तोपर्यंत चार वाक्यं बोलून मोकळी झालेली असते. तिचं अक्षर आणि तिची स्कूटी, माझं तोंड, अशी आमची वाटणी होती आणि ती चांगली चालली होती.

पहिल्या खेपेला चिंचबर्डीनं आम्हाला हिंग लावून विचारलं नाही. पानटपरीवर सांगितलं, लोकांनी मान हलवली. अंगणवाडीच्या कौसल्याताईंनी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप टाकला, त्यावर भराभर अंगठे आले. कौसल्याताई म्हणाल्या, "अंगठ्यायवर जाऊ नका. हे अंगठे घरीच राह्यतेत." आम्ही परत निघणार, तेवढ्यात समोरच्या गल्लीतून एक म्हातारे गृहस्थ येताना दिसले. पांढरं धोतर, डोक्याला टापशी, हातात काहीच नाही. प्रत्येक दारात ते थांबत, दोन वाक्यं बोलत, पुढं जात. आणि काय आश्चर्य, प्रत्येक दारातली बाई हातातलं काम टाकून उभी राहून ऐकत होती. कोणाकडे तरी बारशाचं जेवण होतं आणि हे त्याचं आवतन देत होते. त्यांचं नाव मारोतराव. गावातली सगळी आवतनं तेच देत, त्यांच्या आधी त्यांचे वडील देत.

मी भैरवीला म्हटलं, हाच आपला माणूस.

आता इथं एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे. आर्णीत आमच्याकडे दावतीचं बोलावणं फोनवर येतं. भैरवीकडे छापील कार्ड येतं, वर गणपती आणि खाली हॉलचा नकाशा. आवतन हा शब्द आम्ही ऐकलेला होता, पण आमच्या लेखी तो बोलावणं या अर्थाचा एक खेड्यातला शब्द होता, बस्स. मी मारोतरावांना गाठलं आणि सांगितलं की येत्या रविवारी अकरा वाजता समाजमंदिरात आमचा कार्यक्रम आहे, तुम्ही आवतन द्या.

"कोनाच्या घरचं?" त्यांनी विचारलं.

"कॉलेजचं."

त्यांनी मान हलवली. "कॉलेज म्हनजे घर नाही होय, बाई. आवतन कोन्या ना कोन्या घरचं राह्यते."

भैरवी माझ्या बाहीला ओढत होती, पण मी कशाला ऐकते. मी म्हटलं, "मंग सांगा, आर्णीच्या नासिर मिस्त्रीच्या घरचं. मी त्यायची पोरगी."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्यांच्या पोराची गाडी अब्बांनीच दोनदा जिवंत केली होती. "कोनाकोनाले देऊ?"

"सगळ्यायले. बायापोरींसकट. एकही घर सोडू नका, अन् दारात जाऊन सांगा."

"एकही नाही?"

"एकही नाही."

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, माझ्या आवाजातला अधिकार त्यांना पटला. मग ते म्हणाले, "मिस्त्रीचं मन मोठं आहे." मला तेही पटलं. स्कूटीवर बसताना मी भैरवीला म्हटलं की पुस्तकात याला पारंपरिक संपर्कव्यवस्था म्हणतात. तिनं ते लिहूनही घेतलं.

रविवारी आम्ही चिंचबर्डीत शिरलो तेव्हा भैरवीला पहिल्यांदा शंका आली. "जेबा, कुठेच कोणी स्वयंपाक करत नाहीये," ती म्हणाली. खरंच, गल्लीत ना फोडणीचा वास, ना भाकरी थापल्याचा आवाज. मी म्हटलं, लवकर आटोपलं असेल, आपल्यासाठी. समाजमंदिराशी आलो तर आत, बाहेर, ओट्यावर माणसंच माणसं. आनंदानं माझा ऊर भरून आला. वर्गात बाकीच्या जोड्यांना दहा माणसं जमवताना घाम फुटला होता आणि इथं गाव लोटलं होतं.

मग मला दिसलं की ती माणसं घोळक्यानं बसलेली नाहीत. ती सरळ रांगांत बसलेली आहेत, समोरासमोर, मध्ये वाढप्याला जायला वाट सोडून. प्रत्येकाच्या पुढ्यात घरून आणलेला पाण्याचा लोटा आहे. आणि सगळे माझ्या हाताकडे बघतायत, ज्यात प्रश्नावली होती.

कौसल्याताई पुढं आल्या, माझ्या हातात एक ब्लाऊजपीस ठेवला आणि हळूच विचारलं, "जमलं म्हना तुमचं. कुठचा आहे पोरगा?" मी म्हटलं, कोणाचं जमलं? त्या म्हणाल्या, "मिस्त्रीनं अख्ख्या गावाले चूलबंद आवतन देल्लं. म्हनजे पोरीचंच काही असन, नाही त कायचं?"

चूलबंद आवतन म्हणजे घरातल्या एकूण एक माणसाला जेवण. त्या दिवशी त्या घरानं चूल पेटवायचीच नाही. आणि जेवणाशिवाय आवतन नावाची गोष्टच चिंचबर्डीत नाही. इतकं साधं होतं ते. गावातल्या पाच वर्षांच्या पोराला ठाऊक असलेलं, फक्त समाजशास्त्राच्या दोन विद्यार्थिनींना ठाऊक नसलेलं.

भैरवी माझ्या कानाशी म्हणाली, "स्कूटी चालू ठेवू का?" वकिलाच्या घरातही शेवटी हाच सल्ला निघतो. माझ्या मनात तो आला नाही असं नाही. पण पळून गेलो असतो तरी अब्बांचं नाव तिथंच रांगेत बसून राहिलं असतं. सोमवारी सकाळी पहिली गाडी गॅरेजला आली की त्या गाडीसोबत ही बातमी आली असती: नासिर मिस्त्रीनं गाव जेवायला बोलावलं आणि उपाशी परत पाठवलं. मग गृहअर्थशास्त्र तर सोडाच, मला घरातलं कुठलंही शास्त्र उघडू दिलं नसतं.

मी भिंतीकडे तोंड करून अब्बांना फोन लावला. बातमी माझ्याच तोंडून जायला हवी होती, एवढं मला कळत होतं. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पलीकडे पान्हा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कोनाच्या नावानं देल्लं आवतन?"

"तुमच्या."

अब्बांच्या रागाची मला सवय आहे, मी त्याचीच वाट बघत होते. पण ते म्हणाले, "कोनी उठलं का?"

"अजून नाही."

"उठू नको देऊ. गावात आचारी कोन आहे ते इचार. त्याले म्हना भांडे काढ, चुली पेटव. मी सामान घेऊन निंघतो. अन् तुह्याशी मंग बोलतो." फोन बंद झाला.

आचारी होते रामसिंग, शेजारच्या तांड्यावरचे. तेही आपला लोटा घेऊन पंगतीतच बसले होते. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, ते लगेच उठले आणि समाजमंदिरामागं गंज, म्हणजे मोठाली पातेली, घासायला गेले. ते उठलेले पाहून गाव कुजबुजायला लागलं. आता बोलणं भागच होतं. मी खुर्ची ओढली, पण तिच्यावर चढले नाही. खाली जमिनीवर, दोन रांगांच्या मधल्या वाटेत उभी राहिले.

"आयका. माह्या हातून चूक झाली. मले वाटलं आवतन म्हनजे फक्त बोलावनं. मी तुम्हाले जेवाले नाही, बोलाले बोलावलं होतं. आता जेवन येऊन राह्यलं, अब्बा निंघाले. वेळ लागन. ज्याले जायचं त्यानं जावं, मी वाईट मानत नाही. जो थांबन त्यानं तवर माह्याशी बोलावं."

एका कोपऱ्यातून हसू फुटलं आणि दुसऱ्या कोपऱ्यातून तिरसट आवाज आला, "पोट बांधून बोलाले लावते का आता?" एक आजोबा लोटा उचलून तरातरा दाराकडे निघाले. दारात मारोतराव उभे होते. सकाळपासून एवढा वेळ मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

"आवतन माह्या तोंडून गेलं," मारोतराव म्हणाले. आवाज चढवला नाही. "माह्या बापापासून कोनाची पंगत खोटी नाही गेली. जेवल्याबिगर कोनी जायचं नाही."

आजोबा दारात थबकले, घुटमळले आणि परत येऊन बसले. मारोतरावांपुढे मला मनापासून लाज वाटली. माझं फक्त एका विषयाचं नुकसान होणार होतं. त्यांचा आयुष्यभराचा शब्द मी कार्यक्रमाच्या घाईत खर्चून टाकला होता. पण लाज वाटून घेत उभं राहायला वेळ नव्हता. मी प्रश्नावली भैरवीच्या हातात दिली. लग्नाचे प्रश्न त्या क्षणी फार पोकळ वाटत होते.

मी विचारलं, "आवतन कोनाले कसं जाते, ते सांगा. मले शिकायचं आहे."

एक बाई म्हणाली की सोयऱ्याला आवतन आदल्या दिवशी आणि परत जेवणाच्या वेळी, असं दोनदा. दुसरी म्हणाली की मोठ्या जावयाला तिसऱ्यांदा माणूस गेला नाही तर तो रुसून बसतो, आणि बसलेलाच बरा असतो. हशा पिकला. मग घरटी एक म्हणजे काय, घरातला कोण जातो, बाईमाणूस कधी जातं, पहिली पंगत कोणाची, हे एकातून एक निघायला लागलं. आता लोक माझ्याशी बोलत नव्हते, आपसात वाद घालत होते. भैरवी भराभर लिहीत होती आणि तिचं ते सुंदर अक्षर पार बिघडलं होतं.

सगळ्यात मागं, रांगेत न बसता भिंतीला टेकून काही बाया उभ्या होत्या. पोडावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या कोलाम वस्तीतल्या. मी त्यांच्याकडे वळून म्हटलं, तुमच्याकडे आवतन कसं येतं? त्यांच्यातली एक वयस्क बाई पुढं झाली. तिचं नाव जमनी.

"येत नाही," ती सरळ म्हणाली. "रस्त्यावरून आवाज येते, पंगती उठल्या, या म्हनून. मंग आम्ही येतो. मारोतराव माह्या दारात आले ते या खेपेलेच. मी त्यायले म्हनलं, घर चुकले काय?"

मी मारोतरावांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "या बाईनं सांगतलं होतं, एकही घर सोडू नका, दारात जाऊन सांगा. मी दोनदा इचारलं."

खरंच त्यांनी दोनदा विचारलं होतं आणि मी दोन्ही वेळा माझ्या आवाजातल्या अधिकारावर खूश होते. मंदिराच्या आळीतली काही घरं त्या दिवशी आलीच नव्हती. मुसलमानाच्या घरचं जेवण म्हणून आली नाहीत की पोडावरही आवतन गेलं म्हणून, हे कोणीच सांगेना. भैरवीनं मला खुणेनं विचारलं, काय लिहू? मी म्हटलं, दोन्ही लिही, आणि कोणी सांगितलं नाही हेही लिही.

अब्बा मालवाहू रिक्षातून आले. तूरडाळ, तांदूळ, वांगी-आलू आणि आर्णीहून तयार बुंदी. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. हात धुतले, रामसिंगना विचारलं काय कमी पडतंय, आणि सरळ मारोतरावांकडे गेले. "काका, पोरीनं तुमाले खोटं पाडलं. माफी मी मागतो." मारोतराव म्हणाले, "पंगत बसेल आहे, मिस्त्री. खोटं कायचं?"

वांग्याची भाजी शिजली, वरण उकळलं, भाताचं गंज उतरलं. वाढप सुरू होणार तशा जमनी आणि तिच्यासोबतच्या बाया सवयीनं आणखी मागं सरकल्या. त्यांना कोणी सरका म्हटलं नव्हतं. मी काही बोलणार होते. पण यजमान मी नव्हते.

अब्बांनी भाताची बादली उचलली. "बाई, उभ्या काहून?" ते म्हणाले. "मायं आवतन होतं ना? मंग बसा."

"आम्ही मागून बसतो, भाऊ."

"मागून मी बसतो. ज्याच्या घरचं जेवन तो मागून बसते."

जमनीनं एकदा मारोतरावांकडे बघितलं, मग पदर सावरून रांगेच्या टोकाला बसली. तिच्या शेजारी तिच्या वस्तीतल्या बाया बसल्या. अब्बांनी वाढायला त्याच टोकापासून सुरुवात केली. पलीकडच्या रांगेतले दोघं उठले आणि हात न धुता निघून गेले. या वेळी मारोतरावांनी त्यांना अडवलं नाही, दारातून बाजूला झाले. बाकी सगळं गाव बसून राहिलं. कौसल्याताई पोळ्या नाहीत म्हणून कुरकुरल्या आणि बुंदी तीनदा घेतली. ब्लाऊजपीस मात्र त्या परत घ्यायला तयार झाल्या नाहीत, पुढं कधीतरी कामी येईल म्हणाल्या.

सगळे उठल्यावर आम्ही बसलो, अब्बा, भैरवी आणि मी. मारोतराव वाढत होते. अब्बा आधी अर्ध्याहून जास्त जेवले. मी मनात गृहअर्थशास्त्राच्या वर्गातली बाकं मोजून आले. भैरवीनं आयुष्यात पहिल्यांदा वाक्य न तपासता तोंड उघडलं. "काका, ही चूक आमच्या दोघींची होती. आणि आज जे ऐकायला मिळालं ते..."

"सांगतलं मले रामसिंगनं, चुलीपाशी," अब्बा म्हणाले. त्यांनी भात कालवला. "जमनीबाई माह्या गॅरेजवर येते, पोराच्या गाडीवर मांगं बसून. किती वर्षं झाले. मी तिले कधी नाही इचारलं, तुह्या घरी कोन येते, कोन नाही." मग माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी पहिल्यांदाच. "पुढचं गाव कोनतं?"

मी म्हटलं, तुम्ही एकच गाव म्हणाला होतात.

"म्हनलो होतो. बोभाटा झाला त बंद, असंही म्हनलो होतो. बोभाटा त झाला. सोमवारी सगळे येतीन गॅरेजवर, मी सांगतो त्यायले काय सांगायचं ते." त्यांनी मारोतरावांना वरण वाढायला खूण केली. "पन एक आयक. पुढच्या गावात मायं नाव नको सांगू. आवतन द्यायचं त जेबाच्या नावानं दे. अन् जेवन घालाची तयारी असन तरच दे."

मी मान हलवली. डोळे भरून आले होते आणि मी ते पुसले नाहीत, कारण माझा हात भातात होता आणि मला भूक लागली होती.